कपाटातील मोटारी आणि हवेचा हिशेब

मोटारीचे खेळणे आणि मोटारीची प्रतिकृती यांत फरक कोणता? दोन्ही लहान, दोन्हींना चाके, दोन्ही तळहातावर मावतात. फरक आहे तो मापाचा. खेळणे मोटारीसारखे दिसले की पुरे. प्रतिकृती मात्र मूळ गाडीशी ठरलेल्या प्रमाणात असावी लागते. १:४३ प्रमाणाची प्रतिकृती म्हणजे मूळ गाडीतील प्रत्येक लांबी, रुंदी आणि उंची ४३ ने भागलेली. अशा प्रतिकृती जमवणारे जगभर आहेत, आणि त्यांच्यात एक गट असा आहे की जो केवळ दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या प्रवाहरेखित, म्हणजेच स्ट्रीमलाइन्ड, आलिशान मोटारींच्या मागे असतो. चेकोस्लोव्हाकियाची टाट्रा, फ्रान्सच्या बुगाटी आणि टाल्बो-लागो, अमेरिकेच्या क्रायस्लर एअरफ्लो, कॉर्ड आणि पिअर्स सिल्व्हर ॲरो. पुढून गोल, पाठीमागे निमुळत्या होत गेलेल्या या गाड्या कपाटात ओळीने मांडल्या म्हणजे उभ्या असूनही धावत असल्यासारख्या वाटतात.

हा छंद हौशी आणि पैसेवाल्यांचा, विज्ञानाच्या मासिकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. या गाड्यांचा आकार हवेसाठी घडवला, असे त्यांचे निर्माते सांगत. काहींच्या बाबतीत ते खरे होते, काहींच्या बाबतीत ती निव्वळ फॅशन होती. कपाटातल्या प्रतिकृतींकडे पाहून यातला फरक ओळखता येईल का? आकार हुबेहूब उतरला असेल तर त्या आकाराचे हवेशी असलेले नातेही प्रतिकृतीत उतरते का? या प्रश्नांची उत्तरे शोधताना नववी-दहावीच्या पुस्तकातले बरेचसे भौतिकशास्त्र आणि थोडे रसायनशास्त्र हाताखालून जाते.

त्रेचाळीसच का?

आधी या विचित्र आकड्याचा उलगडा करू. ५० नाही, ४० नाही, ४३ कशासाठी? याचे मूळ खेळण्यातल्या आगगाड्यांत आहे. ब्रिटनमध्ये ‘ओ गेज’ आगगाड्या एका फुटाला ७ मिलिमीटर या प्रमाणात बनवीत. एक फूट म्हणजे ३०४.८ मि.मी.; त्याला ७ ने भागले की ४३.५ येतात. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३३ च्या अखेरीस या आगगाड्यांच्या स्थानकांबाहेर उभ्या करण्यासाठी छोट्या मोटारी काढल्या. पुढच्याच वर्षी त्यांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. आगगाडी मागे पडली, मोटारींचे प्रमाण तेवढे राहिले. फूट आणि मिलिमीटर यांच्या या संकरातून जन्मलेला आकडा आज मेट्रिक पद्धतीच्या देशांतही मुकाट्याने पाळला जातो.

आता १९३६ सालची टाट्रा ८७ ही गाडी घेऊ. लांबी ४.७४ मीटर, वजन १,३७० किलो. १:४३ प्रतिकृतीची लांबी ११ सेंटिमीटर. तिचे वजन किती असावे? वर्गात हा प्रश्न टाकला तर बहुतेक मुले १,३७० ला ४३ ने भागून ३२ किलो सांगतील, आणि मग स्वतःच हसतील. लांबी ४३ पट घटली की क्षेत्रफळ ४३ च्या वर्गाने, म्हणजे १,८४९ पट घटते आणि घनफळ ४३ च्या घनाने, म्हणजे ७९,५०७ पट. म्हणून त्याच धातूची, तितक्याच प्रमाणात पातळ पत्र्याची प्रतिकृती अवघी १७ ग्रॅम भरायला हवी. प्रत्यक्षात ओतीव धातूची अशी प्रतिकृती तराजूत घातली तर शंभर ग्रॅमच्या आसपास भरते. हे जादा वजन आले कोठून? मूळ गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर जाड असतो. त्याला ४३ ने भागले तर जाडी ०.०२ मि.मी. येते. साच्यात दाबाने धातू ओतून इतकी पातळ भिंत बनवणे शक्य नाही. ती मिलिमीटरभर तरी ठेवावीच लागते. रंगाचेही तेच. गाडीवरील रंगाचे थर मिळून मि.मी.चा दहावा भाग भरतात. प्रमाणात आणायचे तर प्रतिकृतीवर ते ०.००२ मि.मी. हवेत. इतका पातळ रंग द्यायचा कसा? म्हणून दारांच्या फटी आणि रिव्हेटांचे डोके रंगाखाली बुजतात, आणि जाणकार संग्राहक भिंग घेऊन नेमके तेच तपासतो.

म्हणजे प्रतिकृती प्रमाणात असते ती बाहेरच्या आकारापुरती. हे लक्षात ठेवून आता आकाराकडे वळू.

शेपूट महत्त्वाचे, नाक नव्हे

हवेला चिरत जाण्यासाठी वस्तू पुढून टोकदार हवी, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ध्वनीच्या वेगापेक्षा पुष्कळ कमी वेगाने जाणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत ती चुकीची आहे. हवेचे कण वस्तूच्या पुढच्या भागाला वळसा घालून सहज बाजूला होतात. अडचण येते ती पाठीमागे, त्यांनी पुन्हा एकत्र यायचे तेव्हा. वस्तूला घासून जाणारा हवेचा पातळ थर, ज्याला सीमा स्तर म्हणतात, घर्षणाने मंदावलेला असतो. वस्तूची पाठ एकदम संपली तर हा थकलेला थर वळण घेऊ शकत नाही. तो पृष्ठभाग सोडून देतो आणि मागे भोवऱ्यांची, कमी दाबाची पोकळी तयार होते. पुढून जास्त दाब आणि मागून कमी दाब, यामुळे वस्तू जणू मागे खेचली जाते. पाठ हळूहळू निमुळती होत गेली तर थर पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि पोकळी नाहीशी होते. म्हणून पुढून बोथट व मागे लांब शेपटीचा आकार सर्वांत चांगला.

यासाठी एक सोपा प्रयोग आहे. दहा सेंटिमीटर रुंदीचा पुठ्ठ्याचा चौकोन उभा धरा, त्यामागे चार-पाच सेंटिमीटरवर मेणबत्ती पेटवून ठेवा आणि समोरून पुठ्ठ्यावर फुंकर मारा. ज्योत तुमच्यापासून दूर जाण्याऐवजी पुठ्ठ्याकडे, म्हणजे तुमच्याच दिशेने झुकते. आता कागदाची पट्टी वळवून तिची दोन टोके एकमेकांना चिकटवा, म्हणजे वरून पाहिल्यास थेंबासारखा आकार होईल. गोल बाजू तोंडाकडे आणि धार मेणबत्तीकडे ठेवून फुंका. ज्योत विरुद्ध दिशेने झुकते किंवा विझते. फुंकर दोन्ही वेळा तीच. मधल्या वस्तूचा फक्त आकार बदलला.

हा परिणाम आकड्यात सांगण्यासाठी रोध गुणांक वापरतात. हवेचा रोध बरोबर हवेची घनता, वेगाचा वर्ग, समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि रोध गुणांक यांचा गुणाकार, भागिले दोन. चेंडूसारख्या गोलाचा गुणांक सुमारे ०.४७. तितकेच क्षेत्रफळ असलेल्या, लांब शेपटीच्या उत्तम प्रवाहरेखित वस्तूचा ०.०५ च्या आसपास. नुसते शेपूट जोडल्याने रोध नऊ-दहा पटीने उतरतो.

जाता जाता एक गोष्ट. या आकाराला सगळेच ‘थेंबाचा आकार’ म्हणतात आणि टाल्बो-लागोच्या एका सुप्रसिद्ध मॉडेलला तर फ्रेंच भाषेत ‘पाण्याचा थेंब’ असेच नाव पडले. पण पडणारा पावसाचा थेंब असा नसतोच. बारीक थेंब पृष्ठताणामुळे गोल असतात आणि मोठे थेंब हवेच्या दाबाने खालून चपटे होऊन पावासारखे दिसतात. शेपटीचा थेंब चित्रकारांनी रूढ केला आणि पाठ्यपुस्तकांनी तो टिकवला आहे.

विमानातून रस्त्यावर

मोटारीला हा आकार देण्याची खटपट ज्यांनी केली ते बहुतेक हवेतून जमिनीवर उतरलेले लोक होते, आणि ते स्वाभाविकही आहे. पहिले महायुद्ध हरल्यावर जर्मनीवर विमानबांधणीची बंधने आली. विमाने बनवणाऱ्या एडमुंड रुम्पलरने १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात ‘थेंबगाडी’ मांडली. वरून पाहिली तर ती होडीसारखी दिसते, बाजूने पाहिली तर मात्र बरीच उंच आणि बेढब. विकली गेली जेमतेम शंभर. पण १९७९ साली फोक्सवागनच्या विंड टनेलमध्ये, म्हणजे वातविवरात, जतन केलेली एक थेंबगाडी तपासली तेव्हा तिचा रोध गुणांक ०.२८ निघाला! साठ वर्षांनंतरच्या कित्येक नव्या गाड्यांनाही तो जमत नव्हता.

दुसरा माणूस पॉल यारे. जन्म व्हिएन्नाचा, नोकरी झेपेलिन हवाई जहाजांच्या कारखान्यात. फ्रीड्रिशहाफेन येथील त्या कारखान्याच्या वातविवरात प्रतिकृती तपासताना एक महत्त्वाची गोष्ट कळली. हवाई जहाजाचा आकार मोकळ्या हवेत उत्तम, पण तोच जमिनीजवळ आणला की बिघडतो. कारण खालच्या बाजूने जाणारी हवा जमीन आणि वाहन यांच्या चिंचोळ्या जागेत कोंडते आणि वरची-खालची समतोल विभागणी राहत नाही. यारेचे उत्तर साधे होते. थेंब लांबीच्या दिशेने मधोमध कापा, अर्धा भाग सपाट बाजू खाली करून जमिनीवर ठेवा, आणि त्यावर माणसांच्या डोक्यांसाठी दुसरा अरुंद थेंब बसवा. या रचनेच्या पेटंटसाठी त्याने १९२१ मध्ये अर्ज केला. ती पहिल्यांदा गंभीरपणे कारखान्यातून उतरवली ती टाट्राने. हान्स लेडविंका हे तेथील मुख्य अभियंता. मार्च १९३४ मध्ये टाट्रा ७७ लोकांसमोर आली. व्ही-८ इंजिन मागे, तेही हवेने थंड होणारे; पुढे रेडिएटरच नाही, त्यामुळे नाक बंद आणि गुळगुळीत; पाठीवर माशासारखा उभा कल्ला. या गाड्या अडीचशेच्या आसपास बनल्या. तिची धाकटी बहीण टाट्रा ८७ मात्र १९५० पर्यंत निघत राहिली आणि सुमारे तीन हजार झाल्या. हान्झेल्का आणि झिकमुंड या दोन चेक प्रवाशांनी १९४७ ते १९५० या काळात आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका पालथी घातली ती हिच्यातूनच. ती गाडी प्रागच्या राष्ट्रीय तंत्रविज्ञान संग्रहालयात आहे.

त्याच १९३४ साली अमेरिकेत क्रायस्लर एअरफ्लो आली. कार्ल ब्रीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वातविवरात चाललेल्या गाड्या तपासल्या तेव्हा दिसले की त्या काळची नेहमीची मोटार उलटी, म्हणजे पाठ पुढे करून, ठेवली तर रोध कमी होतो. आताच वाचलेल्या मेणबत्तीच्या प्रयोगानंतर याचे नवल वाटायला नको. त्या गाड्यांचे पुढचे बॉनेट लांब आणि अरुंद होते, पाठ खोक्यासारखी तुटलेली. उलट्या गाडीला आपोआप शेपूट मिळे! एअरफ्लो गिऱ्हाइकांना आवडली नाही. १९३७ नंतर ती बंद झाली. गंमत अशी की डिंकीने १९३५ मध्ये काढलेली तिची छोटी प्रतिकृती मात्र मुलांनी उचलून धरली आणि युद्धानंतरही काही काळ ती विकली जात होती.

आकार की अश्वशक्ती?

आता टाट्रा ८७ चा हिशेब मांडू. इंजिन ७५ अश्वशक्तीचे, म्हणजे ५५ किलोवॅट. यातला दशांश भाग गिअर आणि इतर सांध्यांत गेला असे धरले तर चाकांपाशी ४९ किलोवॅट उरतात. वर सांगितलेल्या १९७९ च्या तपासणीत प्रत्यक्ष टाट्रा ८७ चा रोध गुणांक ०.३६ निघाला. समोरचे क्षेत्रफळ अंदाजे २.१ चौ.मी., हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर धरू. ताशी १६० कि.मी., म्हणजे सेकंदाला ४४.४ मीटर वेगाला हवा कापण्यासाठी सुमारे ४० किलोवॅट लागतात. टायरांचा रस्त्याशी होणारा रोध वजनाच्या दीड टक्का, म्हणजे सुमारे २०० न्यूटन धरला तर त्यासाठी आणखी ९. बेरीज ४९. टाट्राचा कमाल वेग ताशी १६० कि.मी. सांगितला जात असे. गणित त्याला दुजोरा देते. हीच गाडी ०.६ गुणांकाची, खोक्यासारखी असती तर तेवढ्याच इंजिनावर ती ताशी १३७ कि.मी.पर्यंत पोचली असती, आणि १६० गाठायला ११४ अश्वशक्तीचे इंजिन लागले असते.

याच आकड्यांतून दुसरीही गोष्ट निघते. खोक्यासारख्या गाडीला ताशी ४० कि.मी. वेगाने हवेचा रोध ९३ न्यूटन, टायरांचा २००. शंभराच्या वेगाला हवेचा रोध ५८० च्या पुढे जातो, टायरांचा जवळपास तोच. साठच्या आसपास दोघे बरोबरीत येतात. म्हणजे १९३० च्या दशकातल्या सामान्य माणसाला, सामान्य रस्त्यावर, प्रवाहरेखित आकाराचा फारसा उपयोग नव्हता. उपयोग होता तो लांब, मोकळे रस्ते आणि मोठे इंजिन ज्यांच्याकडे होते त्यांना. शिवाय दुहेरी वळणाचे पत्रे लाकडी ठोकळ्यावर हातोडीने ठोकून काढावे लागत, आणि ते काम महाग होते. प्रवाहरेखित मोटारी आलिशान निघाल्या त्याची ही कारणे आम्हाला जास्त पटतात. ‘वेगाचे युग’, ‘आधुनिकतेचे प्रतीक’ वगैरे स्पष्टीकरणे खोटी नाहीत, पण ती नंतरची.

त्या काळी श्रीमंत गिऱ्हाईक एका कंपनीकडून चाके-इंजिनासह सांगाडा घेई आणि त्यावर दुसऱ्याकडून बॉडी चढवून घेई. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३५ मध्ये घेतलेल्या अमेरिकन डुसेनबर्गची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधली होती. पॅरिसमध्ये फिगोनी आणि फालास्की यांची पेढी टाल्बो-लागो व देलाए यांच्या सांगाड्यांवर थेंब चढवीत असे. आता या कारागिरांकडे वातविवर नव्हते, नजर होती. त्यामुळे कपाटातील सर्वांत देखण्या प्रतिकृतीच नेमक्या संशयास्पद ठरतात.

बुगाटीची टाइप ५७ एससी अटलांटिक घ्या. १९३६ ते १९३८ या काळात ती फक्त चार बनली, आणि कदाचित जगातील सर्वाधिक प्रतिकृती निघालेल्या युद्धपूर्व मोटारींपैकी ती एक असेल. तिची पाठ अप्रतिम उतरते. पण पुढे पाहा. रेडिएटर उभा, दिवे आणि पंखे धडापासून सुटे, चाके उघडी. प्रत्येक खाचेत हवा अडकणार. छतावरून मागपर्यंत जाणारी रिव्हेट मारलेली उभी कड ही तिची ओळख. १९३५ च्या मूळ नमुन्याची बॉडी इलेक्ट्रॉन या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. मॅग्नेशियम जोडताना पेट घेते, म्हणून पत्रे रिव्हेटांनी जोडले. पुढे ॲल्युमिनियम वापरल्यावर रिव्हेटांची गरज उरली नाही, तरी कड तशीच ठेवली. ती दिसायला हवी होती! अटलांटिकच्या इंजिनाची शक्ती सुमारे २०० अश्वशक्ती आणि वेग ताशी २०० कि.मी.च्या घरात. हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. टाट्राच्या १.२५ पट वेगासाठी १.२५ चा घन, म्हणजे १.९५ पट शक्ती पुरे. ७५ गुणिले १.९५ म्हणजे १४६. हिशेब ढोबळ आहे, पण टाट्राइतकी चिकणी असती तर अटलांटिकला सुमारे १५० अश्वशक्ती पुरल्या असत्या. उरलेल्या पन्नास सौंदर्यावर खर्च झाल्या.

प्रतिकृती पंख्यासमोर धरली तर?

मग प्रतिकृतीच पंख्यासमोर धरून रोध मोजावा, असे एखादा चौकस विद्यार्थी सुचवील. कल्पना वाईट नाही. विमानांचे आणि मोटारींचे अभियंते तेच करीत आले आहेत. फक्त त्यांना एक अट पाळावी लागते. प्रवाहाचे स्वरूप वेग गुणिले लांबी भागिले हवेची शुद्धगतिक श्यानता, या राशीवर अवलंबून असते. हाच रेनॉल्ड्स अंक. तो दोन्हीकडे सारखा असेल तरच लहान प्रवाह मोठ्या प्रवाहाची खरी नक्कल करतो.

ताशी १६० कि.मी. वेगाच्या खऱ्या टाट्राचा रेनॉल्ड्स अंक सुमारे १ कोटी ४० लाख येतो. टेबलफॅनसमोर, सेकंदाला ३ मीटर वाऱ्यात ठेवलेल्या ११ सेंटिमीटरच्या प्रतिकृतीचा २२ हजार. इतक्या कमी अंकाला सीमा स्तर शांत, स्तरीय असतो, आणि असा थर पाठीवरून लवकर सुटतो. खऱ्या गाडीवरचा थर संक्षुब्ध असतो. तो बाहेरच्या वेगवान हवेची ऊर्जा आत घेत राहतो, म्हणून उतरत्या पाठीला जास्त वेळ चिकटतो. थोडक्यात, ज्या पाठीसाठी एवढा खटाटोप केला ती पाठ छोट्या प्रतिकृतीत काम करीत नाही. अंक सारखा आणायचा तर वारा ४३ पट, म्हणजे ताशी ६,८८० कि.मी. हवा. तो ध्वनीच्या वेगाच्या साडेपाच पट झाला, आणि तेथे हवेचे नियमच वेगळे. पाण्याची शुद्धगतिक श्यानता हवेच्या पंधराव्या हिश्शाइतकी, म्हणून पाण्यात बुडवून पाहावे म्हटले तरी प्रवाह ताशी साडेचारशे कि.मी.च्या पुढे लागतो.

म्हणून अभियंते मोठ्या प्रतिकृती घेतात. टाट्रा ८७ च्या १:५ प्रतिकृतीची १९४१ मध्ये तपासणी झाली होती आणि गुणांक आला होता ०.२४४. प्रत्यक्ष गाडीचा ०.३६ हे वर आलेच आहे. निम्म्याने वाढ! एकाच आकाराला दोन आकडे कसे? तपासणीची प्रतिकृती गुळगुळीत असते. खऱ्या गाडीच्या पोटाखाली आस, सळया, नळ्या असतात. दारांना फटी, काचांना कडा, चाकांच्या कोनाड्यांत खळबळ. इंजिन गार ठेवण्यासाठी मागच्या झडपांतून हवा आत घ्यावी आणि सोडावी लागते, तिचाही रोध पडतो. मोजण्याच्या पद्धतीही चाळीस वर्षांत बदलल्या. संग्राहकाच्या प्रतिकृतीत त्या झडपा बहुधा नुसत्या उठावाच्या रेषा असतात, त्यामागे काहीच नसते. पोट तर अनेकदा सपाट पत्र्याचे, त्यावर उत्पादकाचे नाव. हवेच्या दृष्टीने गाडीचा अर्धा इतिहास त्या पोटाखाली होता.

मात्र प्रतिकृतीत एक गोष्ट खऱ्या गाडीपेक्षा चांगली कळते. १:४३ प्रतिकृती डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरली म्हणजे खरी गाडी १३ मीटरवरून पाहिल्यासारखे होते, आणि बहुधा आपण ती किंचित वरून पाहतो. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली उभी असलेली मोटार पाहावी तसे. रस्त्यावरच्या माणसाला गाडीची वरची बाह्यरेषा कधीच दिसत नाही, आणि थेंब असतो तो नेमका त्या रेषेत. रुम्पलरची थेंबगाडी बाजूने कुरूप आणि वरून निर्दोष आहे, हे हातात प्रतिकृती घेतल्याशिवाय उमगत नाही. ‘कपाटातल्या गाड्या वरून पाहा’ असा सल्ला आम्ही देऊ. वरून शेपूट दिसले आणि चाके झाकलेली असली तर निर्मात्याने हवेचा विचार केला होता असे धरायला हरकत नाही. शेपूट फक्त बाजूने दिसत असेल तर छायाचित्रकाराचा विचार जास्त.

शेपटीचा पुढचा इतिहास थोडक्यात असा. पूर्ण शेपूट लावले तर गाडी गैरसोयीची लांब होते. श्टुटगार्टच्या वुनिबाल्ट काम यांनी १९३० च्या दशकात दाखवले की थर चिकटून आहे तिथपर्यंत पाठ निमुळती करून मग ती सरळ छाटली तरी फारसे बिघडत नाही. आजच्या गाड्यांची पाठ तुटलेली दिसते आणि तरीही २०२१ च्या मर्सिडीज ईक्यूएससारख्या गाडीचा गुणांक ०.२० सांगितला जातो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

जस्ताचा रोग

संग्राहकाला हवेपेक्षा मोठी चिंता एका वेगळ्याच गोष्टीची असते. १९३० च्या दशकातल्या मूळ डिंकी प्रतिकृती आज भावाने खऱ्या गाडीच्या टायरला मागे टाकतात, पण त्यांतल्या कित्येक आपोआप फुगतात, वाकतात, तडकतात आणि शेवटी बोटांत चुरा होतो. हा गंज नव्हे, कारण त्यांत लोखंड नाही. त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. जस्तात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि किंचित मॅग्नेशियम व तांबे घातले की ३८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळणारा, साच्याच्या बारीकसारीक खाचांत शिरणारा धातू मिळतो. अमेरिकेच्या न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये तो आणला. चार घटकांच्या जर्मन नावांची आद्याक्षरे जोडून त्याला ‘झमाक’ म्हणतात.

यात शिसे, कथील किंवा कॅडमियम यांचा अंश शिरला तर घात होतो. हे धातू जस्ताच्या स्फटिककणांत विरघळत नाहीत. कणांच्या सीमांवर साचतात. दमट हवेत त्या सीमांवरून आत आत क्षरण सुरू होते. क्षरणातून बनणारी संयुगे मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतात, म्हणून वस्तू आतूनच पाचर ठोकल्यासारखी फुगते. आजच्या प्रमाणकांनुसार ओतीव वस्तूत शिसे ०.००५ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. शंभर ग्रॅमच्या मोटारीत हे ५ मिलिग्रॅम झाले! त्या काळी खेळणी ओतणाऱ्या कारखान्यांत इतकी शुद्धता कोण पाळणार? म्हणून शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन एअरफ्लोंपैकी एक नव्वद वर्षांनी ठणठणीत आणि दुसरीचा भुगा, असे घडते. हा रोग एका प्रतिकृतीतून दुसरीला लागतो, अशी समजूत काही संग्राहकांत आहे. तिला आधार नाही. दोष ओतला गेला त्याच दिवशी आत असतो. तो काढता येत नाही. उष्ण आणि दमट हवेत तो वेगाने वाढतो, कोरड्या आणि गार जागी मंदावतो. मुंबई-कोकणात राहणाऱ्या संग्राहकाने पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या गुलाबी पडल्या की तापवून पुन्हा वापराव्यात.

रोग सुरू झाला आहे की नाही हे ओळखायला शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपर पुरतो. अकरा सेंटिमीटरची प्रतिकृती अर्ध्या टक्क्याने फुगली तर लांबी अर्ध्या मिलिमीटरने वाढेल. नजरेला ते कळणार नाही, पण व्हर्नियरचे लघुतम माप ०.१ मि.मी. असल्याने मापात ते येईल. जुनी प्रतिकृती घेतल्याच्या दिवशीच तिची एकूण लांबी आणि दोन्ही आसांमधले अंतर मोजून तारखेसह वहीत लिहावे आणि दर वर्षी पावसाळा संपला की पुन्हा मोजावे.